पाण्याची खूण दारावर: वादळ-पुस्तिकेच्या कामाच्या नोंदी

४ फेब्रुवारी २०२५

आजपासून पुस्तिकेचे काम सुरू झाले. उष्णकटिबंधीय वादळांमुळे काय घडते आणि माणसे त्याला कशी तोंड देतात, हे किनाऱ्यावर राहणाऱ्या सामान्य वाचकाला ४८ पानांत, चित्रांसह आणि पारिभाषिक ओझे न टाकता सांगायचे, एवढेच उद्दिष्ट आहे. मजकूर माझ्याकडे आणि चित्रे सहकारी चित्रकाराकडे आहेत. अटलांटिकमध्ये हरिकेन, वायव्य प्रशांत महासागरात टायफून आणि हिंदी महासागरात चक्रीवादळ अशी नावे वेगळी असली, तरी घटना एकच आहे, हे पहिल्याच पानावर येईल. समुद्राच्या वरच्या सुमारे ५० मीटर थरातील पाणी साधारण २६.५ अंश सेल्सिअसपेक्षा उबदार असणे आणि विषुववृत्तापासून किमान पाचेक अंशांचे अंतर असणे, या दोन अटी त्याच पानावर थोडक्यात येतील. उत्पत्तीवर याहून अधिक जागा खर्च करू नये असे मला वाटते, कारण वादळ कसे जन्मते हे समजले नाही तरी माणूस वाचतो. ते आपल्या दाराशी काय घेऊन येते हे समजले नाही, तर मात्र तो वाचत नाही.

प्रकरणांची मांडणी तूर्त वाऱ्याच्या वेगानुसार करायचे ठरवले आहे, म्हणजे सौम्य वादळांपासून सुरुवात करून महाचक्रीवादळांपर्यंत जायचे.

११ फेब्रुवारी

वाऱ्याच्या वेगानुसार वादळांचा तक्ता भरायला घेतला आणि मांडणीबद्दल शंका आली. एका रकान्यात किनाऱ्यावर धडकतानाचा वेग आणि शेजारच्या रकान्यात मृत्यू असे आकडे लिहीत गेलो, तर पहिला रकाना चढत असताना दुसरा कोणत्याच क्रमाने चालेना.

सर्वांत बोलके उदाहरण दोन शेजारी त्रिभुज प्रदेशांचे आहे. १५ नोव्हेंबर २००७ रोजी ‘सिद्र’ बांगलादेशाच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी २१५ किलोमीटरच्या आसपास होता आणि त्यात सुमारे ३,४०० माणसे गेली. त्यानंतर सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा २ मे २००८ रोजी ‘नर्गिस’ म्यानमारच्या इरावती त्रिभुज प्रदेशात शिरले. त्याचा वेग सिद्रपेक्षा बराच कमी, ताशी १६५ किलोमीटरच्या आसपास होता, आणि तरीही मृत व बेपत्ता मिळून सुमारे १ लाख ३८ हजार माणसे गेली. सखल जमीन, नद्यांचे जाळे आणि दाट वस्ती दोन्हीकडे होती. मग चाळीस पटींचा फरक कशाने पडला?

दुसरे उदाहरण ‘मिच’चे. ऑक्टोबर १९९८ मध्ये कॅरिबियन समुद्रावर असताना त्याचा वेग ताशी २८५ किलोमीटरपर्यंत चढला होता, पण होंडुरासच्या किनाऱ्याला लागेपर्यंत त्याचा जोर बराच ओसरला होता. वाऱ्याच्या मोजपट्टीवर ते दुबळे ठरत असतानाच त्याने दिवसेंदिवस पाऊस ओतला आणि होंडुरास व निकाराग्वात मिळून दहा हजारांवर बळी घेतले. निकाराग्वातील कासिता ज्वालामुखीचा उतार ३० ऑक्टोबरला खचला आणि त्या चिखलाखाली वस्त्याच्या वस्त्या गाडल्या गेल्या. ज्या दिवशी माणसे मेली, त्या दिवशी वाऱ्याचा आकडा पाहून कोणी घाबरलेही नसते.

१४ फेब्रुवारी

वाऱ्याच्या श्रेणी कुठून आल्या, ते पाहिले. १ ते ५ ही प्रसिद्ध श्रेणी हर्बर्ट सफिर हे अभियंते आणि रॉबर्ट सिम्पसन हे हवामानशास्त्रज्ञ यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रचली. सफिर यांच्यापुढे प्रश्न इमारतींचा होता, म्हणजे कोणत्या वेगाला छप्पर उडते आणि कोणत्या वेगाला भिंत पडते हा. सिम्पसन यांनी त्यात समुद्राच्या पाण्याची अपेक्षित उंची जोडली. मात्र एकाच श्रेणीतील दोन वादळे दोन वेगवेगळ्या किनाऱ्यांवर अगदी निरनिराळ्या उंचीचे पाणी चढवतात, हे वारंवार दिसून आल्यामुळे २०१० मध्ये पाण्याची उंची आणि हवेचा दाब दोन्ही त्या श्रेणीतून काढून टाकले गेले. शास्त्राच्या दृष्टीने ते योग्यच झाले. तेव्हापासून ही श्रेणी अधिकृतपणे फक्त वाऱ्याची आहे, पण लोकांच्या मनात मात्र ती अजूनही संपूर्ण संकटाची श्रेणी आहे.

अमेरिकेत १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांत अटलांटिक वादळांमुळे थेट झालेल्या मृत्यूंपैकी जवळजवळ ९० टक्के पाण्यामुळे झाले आणि एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे समुद्राच्या चढलेल्या पाण्यामुळे झाले. वाऱ्याचा वाटा त्या मानाने फारच लहान आहे.

वेगानुसार केलेली मांडणी आज रद्द केली. पुस्तिका पाण्याच्या बाजूने लिहायची.

२२ फेब्रुवारी

समुद्राचे पाणी का चढते, हे वाचकाला पटेल अशा रीतीने सांगायचे आहे. हवेचा दाब कमी झाल्याने समुद्र वर उचलला जातो, हे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते आणि ते चूक नाही, पण अपुरे आहे. दाब १ हेक्टोपास्कलने घटला की पाणी साधारण १ सेंटिमीटर चढते, म्हणजे अतितीव्र वादळाच्या केंद्रात दाब १०० हेक्टोपास्कलने घटला तरी त्यामुळे मिळणारी उंची मीटरभरच असते. बाकीचे पाच-सहा मीटर वारा ढकलून आणतो.

हे स्वतः पाहावे म्हणून आज लांबट पारदर्शक ट्रेमध्ये तळाला उतार दिला आणि केस वाळवण्याच्या यंत्राचा गार झोत पाण्यावरून उथळ टोकाकडे सोडला. ट्रे काठोकाठ भरलेला असताना मोजता येईल असा काहीच फरक दिसला नाही. पाण्यावर शहारे उठले, इतकेच. पाणी उपसून जेमतेम बोटाच्या पेराएवढे ठेवले आणि तोच झोत पुन्हा सोडला, तर पाणी मागच्या टोकाकडून सरकत पुढच्या टोकाशी काही मिलिमीटर चढले आणि झोत चालू होता तोवर तिथेच राहिले. ते खाली-वर झाले नाही आणि परतलेही नाही. खोल पाण्यात वरचा थर पुढे ढकलला गेला, तरी खालून परतीचा प्रवाह निघून जातो. उथळ पाण्यात त्याला परतायला वाव मिळत नाही आणि पाणी साचत जाते. बंगालच्या उपसागराचे उत्तर टोक असे उथळ आहे आणि वर नरसाळ्यासारखे निमुळते होत गेलेले आहे. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री भोला चक्रीवादळाने तिथे भरतीच्या वेळी पाणी चढवले आणि किमान तीन लाख माणसे गेली. काही अंदाज पाच लाखांपर्यंत जातात. तजुमुद्दीन या एका उपजिल्ह्यात लोकसंख्येच्या ४५ टक्के माणसे त्या रात्री मेली.

मी यंत्र बंद केले तेव्हा पाणी ज्या वेगाने मागे धावले, तेही नोंदवून ठेवतो. परतणारे पाणीही माणसांना आणि घरांना ओढून नेते, आणि त्याबद्दल फारसे लिहिले जात नाही.

१ मार्च

आजचा सगळा दिवस एका शब्दात गेला आणि तो योग्य कामी लागला असे मला वाटते.

वाऱ्याने किनाऱ्यावर चढवलेल्या या पाण्याला मराठीत बातम्यांमधून बहुधा ‘वादळी लाटा’ म्हटले जाते. हा शब्द वाचकाच्या मनात काय उभे करतो, ते पाहण्यासाठी तीन परिचितांना कागद-पेन्सिल देऊन एकच वाक्य वाचून दाखवले: ‘किनाऱ्यावर चार मीटर उंचीच्या वादळी लाटा येतील.’ त्यांना जे दिसले ते काढायला सांगितले. तिघांनीही माथ्यावर फेस असलेली, पुढे कलंडणारी एकेक लाट काढली आणि तिघांच्याही चित्रांत ती किनाऱ्यावरच फुटत होती. घर कुठे आहे असे विचारल्यावर एकाने ते लाटेच्या मागे, कोरड्या जमिनीवर दाखवले. म्हणजे लाट येते, फुटते आणि ओसरते, ही आपली आयुष्यभराची समजूत आहे आणि धोक्याचा शब्दच त्या समजुतीला बळकटी देतो.

‘उधाण’ हा अधिक जुना आणि जिवंत शब्द आहे. दर्यावर्दी माणसाला तो नेमका कळतो, पण त्याच्या लेखी उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती, जी तिथीने येते आणि ठरल्या वेळी जाते. किनाऱ्यापासून दूरच्या माणसाच्या कानांवर तर आनंदाला आणि उत्साहाला येणारे उधाणच अधिक पडलेले असते. ‘वादळी भरती’ हा शब्द खुणावत होता, कारण भरतीचे पाणी हळूहळू चढते, आत शिरते आणि काही तास थांबते, आणि हे तिन्ही गुण इथे लागू पडतात. पण भरती रोजची आहे, आणि रोजच्या गोष्टीचे कोणी भय बाळगत नाही.

शेवटी ‘फुगवटा’ सापडला. धरणामागे साचत जाणाऱ्या पाण्याला आणि मोठ्या नदीच्या पुराने उपनदीत मागे रेटल्या जाणाऱ्या पाण्याला मराठीत फुगवट्याचे पाणी म्हणतात, आणि फुगवट्याचे पाणी आले म्हणजे काय झाले, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही: ते कलंडत नाही, फुटत नाही, गुपचूप चढत राहते, घरात शिरते आणि लवकर हटत नाही. समुद्राचा फुगवटा म्हणजे हेच, आणि त्याच्या पाठीवर वाऱ्याच्या लाटा वेगळ्याच आपटत असतात. पुस्तिकेत सर्वत्र ‘समुद्राचा फुगवटा’ हाच शब्द राहील.

त्याच तिघांना नवे वाक्य वाचून दाखवले: ‘समुद्राचा फुगवटा येऊन पाणी चार मीटर चढेल.’ या वेळी दोघांनी घरांच्या भिंतींवरून आडवी रेघ ओढली. तिसऱ्याने पुन्हा लाटच काढली.

९ मार्च

शब्दासाठी एक दिवस खर्च करणे अवाजवी वाटत असेल, तर फिलिपिन्समधील टाक्लोबान शहराकडे पाहावे. ८ नोव्हेंबर २०१३ रोजी ‘हैयान’ तिथे पोहोचण्यापूर्वी अंदाज चुकला नव्हता, इशारा दिला गेला होता आणि समुद्राच्या फुगवट्याची संभाव्य उंचीही सांगितली गेली होती. पण तो धोका इंग्रजी पारिभाषिक शब्दांत सांगितला गेला आणि असंख्य लोकांना त्याचा अर्थ लागला नाही. मोठा वारा येणार असे समजून ते भक्कम भिंतींच्या आश्रयाला राहिले. त्सुनामीसारखे पाणी येणार असे सांगितले असते तर आम्ही पळालो असतो, असे वाचलेल्यांपैकी अनेकांनी नंतर सांगितले. अधिकृत मृत्युसंख्या ६,३०० आहे. त्याहून अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की निवारा म्हणून ठरवलेल्या काही इमारतींतच पाणी शिरले आणि सांगितलेल्या ठिकाणी वेळेवर पोहोचलेली माणसेही त्यांत बुडाली. त्या इमारती वाऱ्यासाठी निवडल्या होत्या.

१५ मार्च

दुरुस्ती. पान ११ वरील चित्रात चार मीटर फुगवटा म्हणून घराच्या जोत्यापासून चार मीटरवर पाणी दाखवले होते, ते चूक आहे. जाहीर होणारी फुगवट्याची उंची ही त्या वेळच्या नेहमीच्या समुद्रपातळीच्या वर मोजलेली असते, घराच्या जमिनीवर नाही. दाराशी किती पाणी येईल हे काढायचे, तर फुगवट्यात त्या वेळची भरती मिळवावी लागते आणि घराच्या जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची वजा करावी लागते. फुगवटा ४ मीटर, भरती १ मीटर आणि जमीन दीड मीटर उंच असेल, तर दाराशी साडेतीन मीटर पाणी येईल. तोच फुगवटा ओहोटीच्या वेळी आला, तर एक-दीड मीटरने कमी येईल. हा हिशेब संकटाच्या वेळी वाचकाकडून अपेक्षित धरणे अन्यायाचे आहे. तो इशारा देणाऱ्याने करून द्यायला हवा आणि उत्तर जमिनीपासूनच्या उंचीतच सांगायला हवे.

चित्रकाराने सुचवलेला उपाय मला फार आवडला. पुस्तिकेच्या मधल्या जोडपानावर एकच दार असेल आणि त्याच्या चौकटीवर चार खुणा असतील. पहिली घोट्याच्या जराशी वर, १५ सेंटिमीटरवर, जिथे वेगाने वाहणारे पाणी उभ्या माणसाला पाडू शकते, दुसरी ६० सेंटिमीटरवर, जिथे बहुतेक मोटारी तरंगून वाहून जाऊ लागतात, तिसरी कडीपाशी, आणि चौथी दाराच्या वर, भिंतीवर. आज मी माझ्या खोलीच्या दारावर पेन्सिलीने या खुणा करून पाहिल्या. आकडे इतके दिवस माझ्यासमोर होते, पण साडेतीन मीटरची खूण करायला गेलो तेव्हा छतच संपले.

२४ मार्च

सिद्र आणि नर्गिस यांच्यातील फरकाचा शोध आता ‘इशारा कोण पोहोचवतो’ या प्रकरणात आला आहे.

भोलाच्या संहारानंतर १९७२ मध्ये बांगलादेशात चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम सुरू झाला. त्याचा गाभा रडार किंवा उपग्रह हा नव्हता. भोलाच्या वेळीही उपग्रहाने वादळ टिपले होते. ती माहिती बेटांवरच्या झोपड्यांपर्यंत गेली नाही, किंवा गेली तेव्हा तिचे काय करायचे ते कोणाला कळले नाही. नव्या कार्यक्रमाने प्रत्येक वस्तीतलीच माणसे स्वयंसेवक म्हणून निवडली, त्यांच्या हाती कर्णे, हाताने फिरवायचे भोंगे आणि निशाणे दिली, आणि दर वर्षी सराव घेतला. आज असे सुमारे ७६ हजार स्वयंसेवक आहेत आणि त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत. दारावर येऊन ‘चला’ म्हणणारा माणूस ओळखीचा असतो, आणि माझ्या मते सगळ्या यंत्रणेत यासारखे मोलाचे दुसरे काही नाही. इरावतीच्या त्रिभुज प्रदेशात २००८ मध्ये अशी साखळीही नव्हती आणि जाण्याजोगे उंच निवारेही जवळजवळ नव्हते. किनाऱ्याची खारफुटी मोठ्या प्रमाणावर तोडली गेली होती आणि पाणी ४० किलोमीटर आत शिरले.

निवाऱ्याची रचनाही चित्रात तपशिलाने दाखवायची आहे. जाड खांबांवर उभी केलेली इमारत, खालचा मजला पूर्ण उघडा, म्हणजे पाणी भिंतीशी झुंजत न बसता आरपार निघून जाईल. समुद्राच्या एक घनमीटर पाण्याचे वजन टनाहून थोडे अधिक भरते. त्याला अडवण्यापेक्षा वाट देणे शहाणपणाचे. एरवी वर्षभर त्याच इमारतीत शाळा भरते, आणि म्हणून ती दुरुस्त राहते, वाट सर्वांना पाठ असते आणि किल्ली शोधावी लागत नाही.

२ एप्रिल

इशारा कळतो, पटतो आणि तरीही माणसे घर सोडत नाहीत. हे प्रकरण लिहिताना सर्वाधिक काळजी घ्यावी लागेल, कारण ‘लोक ऐकत नाहीत’ असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. मी जितके वाचत गेलो, तितके न जाणाऱ्यांचे कारण मला रास्त वाटत गेले.

२९ एप्रिल १९९१ च्या चक्रीवादळात बांगलादेशात सुमारे १ लाख ४० हजार माणसे गेली आणि प्रौढांमध्ये स्त्रियांच्या मृत्यूचे प्रमाण पुरुषांच्या कितीतरी पट होते. घरातल्या पुरुषाच्या अनुमतीवाचून बाहेर पडणे अनेकींना शक्य नव्हते, कडेवर लहान मुले होती, अंगावरचे लांब वस्त्र पाण्यात पायांना गुंडाळले जात होते, आणि निवाऱ्यात अनोळखी पुरुषांच्या गर्दीत स्त्रियांसाठी ना वेगळी जागा होती ना शौचालय. पुढे बांधलेल्या निवाऱ्यांत वेगळ्या खोल्या आल्या आणि स्वयंसेवकांत स्त्रिया आल्या, ते या अनुभवातून. जनावरांचेही तसेच आहे. ज्याची सगळी मालमत्ता म्हणजे गोठ्यातली दोन जनावरे, त्याला ती सोडून ये म्हणणे म्हणजे उद्यापासून कसे जगशील याचे उत्तर न देताच आज जगायला सांगणे होय. मातीचे उंच टेकाड करून त्यावर जनावरे बांधण्याची सोय ज्या गावांत झाली, तिथे माणसाला निघणे सोपे झाले.

श्रीमंत देशांत कारणे बदलतात, पण कोंडी तीच राहते. ऑगस्ट २००५ मध्ये ‘कॅटरिना’च्या वेळी न्यू ऑर्लिन्स रिकामे करण्याचा आदेश निघाला, पण स्वतःचे वाहन नसलेल्यांची सोय वेळेवर झाली नाही. बांध फुटून शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला, आणि लुइझियानात मेलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे पंचाहत्तरी गाठलेले किंवा ओलांडलेले होते. पाळीव प्राण्यांना निवाऱ्यात घेत नाहीत म्हणून घरीच थांबलेलेही पुष्कळ होते. पुढच्याच वर्षी प्राण्यांचा विचार स्थलांतराच्या योजनेत करणे कायद्याने बंधनकारक झाले.

या प्रकरणाचे नाव ‘जे निघू शकत नाहीत’ असे ठेवले आहे. मूळ मसुद्यात ते ‘जे निघत नाहीत’ असे होते.

१० एप्रिल

वाऱ्यावर अन्याय होत नाही ना, असे चित्रकाराने विचारले. प्रश्न योग्य आहे. २५ डिसेंबर १९७४ च्या पहाटे ‘ट्रेसी’ने ऑस्ट्रेलियातील डार्विन शहर उद्ध्वस्त केले, तेव्हा फुगवटा किरकोळ होता आणि सगळे काम वाऱ्याने केले. वेगमापक ताशी २१७ किलोमीटरची नोंद करून बंद पडला. सत्तरच्या आसपास माणसे गेली, बहुतेक घरे राहण्याजोगी उरली नाहीत आणि शहराची बहुसंख्य लोकवस्ती विमानांनी इतरत्र न्यावी लागली. नंतरच्या तपासात सापडलेले कारण मला फार शिकवणारे वाटते. छपराचे पत्रे एका जबर झटक्याने उपटले गेले नव्हते. वाऱ्याच्या हेलकाव्यांनी प्रत्येक पत्रा तासन्‌तास वर-खाली लवत राहिला, खिळ्याच्या छिद्राभोवतीचा धातू थकून तडकला आणि मग खिळा जागेवर राहून पत्रा तेवढा गेला. एक पत्रा गेला की आत शिरलेला वारा उरलेले छप्पर आतून उचलतो. यानंतर ऑस्ट्रेलियात घरबांधणीचे नियम बदलले आणि छपरापासून पायापर्यंत सलग जोडणी सक्तीची झाली.

वाऱ्याला चार पाने दिली आहेत. वादळाचा डोळा डोक्यावरून जाताना पडणारी शांतता आणि त्यानंतर उलट दिशेने सुरू होणारा वारा, याची ताकीद त्यातच येईल. ती शांतता संपूर्ण वादळ सरल्यासारखी भासते आणि तिच्यात बाहेर पडलेला माणूस परतायच्या आत वारा परततो.

२१ एप्रिल

नंतरचे दिवस. इथे मृत्यूंची मोजणीच बदलते. २० सप्टेंबर २०१७ रोजी ‘मारिया’ने पोर्तो रिकोची वीजयंत्रणा मोडून टाकली, अधिकृत मृत्युसंख्या बरेच महिने ६४ होती. पुढील सहा महिन्यांत एरवीपेक्षा किती जास्त माणसे मेली, याचा अभ्यास झाल्यावर ऑगस्ट २०१८ मध्ये ती २,९७५ करण्यात आली. त्यांत वृद्ध आणि गरीब अधिक होते. त्यांना वादळाने मारले नाही असे म्हणता येणार नाही: बंद पडलेले श्वसनयंत्र, शीतपेटीवाचून खराब झालेले औषध आणि तुटलेल्या रस्त्यामुळे न पोहोचलेली रुग्णवाहिका, हे सगळे वादळाचेच लांबलेले हात आहेत. मार्च २०१९ मध्ये ‘इदाई’ने मोझांबिकमधील बैरा शहर बुडवल्यानंतर काही दिवसांतच कॉलरा पसरला, तिथे लाखो लोकांना तोंडावाटे लस देऊन साथ आटोक्यात आणली गेली, आणि हे या कथेतले समाधानाचे पान आहे.

एक ताकीद मोठ्या अक्षरांत: जनित्र घरात, गच्चीच्या बंद खोलीत किंवा खिडकीशी कधीही चालवू नये. २०२० मध्ये ‘लॉरा’ वादळानंतर लुइझियानात गेलेल्यांत मोठा वाटा जनित्राच्या धुरातील वासहीन विषारी वायूने गुदमरलेल्यांचा होता. ही माणसे वादळातून सुखरूप वाचली होती.

५ मे

दीर्घकालीन उपायांसाठी गॅल्वेस्टनचे उदाहरण घेतले. ८ सप्टेंबर १९०० च्या वादळात टेक्सासमधील या बेटावरील शहरात किमान सहा हजार माणसे बुडाली. वाचलेल्यांनी समुद्राकडे सुमारे पाच मीटर उंचीची भिंत बांधली आणि त्याहून अचाट म्हणजे शहरच वर उचलले: दोन हजारांहून अधिक इमारती स्क्रूच्या जॅकवर उचलून त्यांच्याखाली वाळूमिश्रित पाणी सोडले, पाणी निथळून गेले आणि वाळू उरली. तीन हजार टनांचे एक चर्च सातशे जॅकवर, मजुरांनी ठेक्यावर एकाच वेळी थोडे थोडे फिरवून, दीड मीटर चढवले. १९१५ मध्ये पुन्हा मोठे वादळ आले तेव्हा शहरात मृत्यू थोडेच झाले. ओडिशाचा मार्ग वेगळा होता. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली, त्यानंतर स्वतंत्र आपत्ती व्यवस्थापन यंत्रणा उभी राहिली, आणि मे २०१९ मध्ये ‘फनी’ येण्याआधी सुमारे १२ लाख माणसे हलवली गेली. मृत्यू ६४ झाले. एकीकडे शहर उचलले, दुसरीकडे माणसे हलवली. दुसरा मार्ग स्वस्त आहे, पण तो प्रत्येक वादळाला नव्याने चालावा लागतो, आणि फनीनंतर घरे, झाडे आणि विजेचे खांब यांची झालेली हानी त्याने टळली नाही.

१६ मे

छपाईपूर्व वाचन. दाराचे जोडपान त्याच तिघांना दाखवले. ज्याने दोन्ही वेळा लाट काढली होती, त्याने चौथ्या खुणेवर बोट ठेवून बराच वेळ पाहिले आणि विचारले, ‘मग मी किती वाजता निघायचे?’

पुस्तिकेत याचे उत्तर नव्हते. वादळाचे केंद्र कधी धडकणार, ती वेळ सगळीकडे होती; पण सखल रस्ते केंद्र येण्याच्या कितीतरी तास आधी पाण्याखाली जातात, आणि सोसाट्याचा वारा सुरू झाला की मुले-म्हातारे घेऊन चालता येत नाही. म्हणून वेळ केंद्रापासून नव्हे, तर रस्ता बंद होण्यापासून उलटी मोजायला हवी: निवाऱ्यापर्यंतचा वेळ वजा करायचा, घरातल्या सर्वांत संथ माणसाला लागणारा वेळ वजा करायचा, जनावरे हलवण्याचा वेळ वजा करायचा, आणि जे उरते ती निघण्याची वेळ.

दाराच्या चित्राशेजारी उभा रकाना आखून घेतला आहे. त्यात चार ओळी छापील आहेत: निवारा कुठे, रस्ता कुठे बुडतो, सोबत कोण, आणि निघायची वेळ. पुढची जागा कोरी ठेवली आहे, पेन्सिलीने भरता येईल असा खरखरीत कागद त्या पानापुरता छापखान्याकडे मागितला आहे.

१७ मे

कागदाचा नमुना आला. पेन्सिल चालते.